फॅन बंद, मग डेथ मेटल

"फॅन बंद करा."

नाशिकमध्ये, मे महिन्याच्या भर दुपारी, गच्चीखालच्या घरात बसलेल्या पाहुण्याला हे वाक्य ऐकवणारा माणूस तुमच्या पाहण्यात आहे का? माझ्या पाहण्यात होता. रेकॉर्ड दोन्ही तळव्यांमध्ये कडांना धरलेली, नजर छताकडे, आणि पंख्याची पाती पुरती थांबेपर्यंत साहेब तसेच उभे. पाती थांबली की मगच सुई खाली टेकायची. वाऱ्याने रेकॉर्डवर धूळ बसते हे एक कारण आणि पंख्याची घरघर गाण्यात मिसळते हे दुसरं. आता जे गाणं लागणार असायचं त्यात पंख्याचीच काय, सोसायटीच्या पाण्याच्या मोटारीची घरघर मिसळली असती तरी आम्हाला पत्ता लागला नसता. पण हे बोलायची सोय नव्हती, कारण लगेच दुसरं वाक्य यायचं.

"आधी पूर्ण ऐका. मग नावं ठेवा."

पूर्ण म्हणजे रेकॉर्डची एक अख्खी बाजू. मध्ये उठायचं नाही, बोलायचं नाही. घाम पुसायला त्यांची हरकत नसे, एवढीच काय ती मेहरबानी.

आम्ही सातपूरच्या एकाच कारखान्यात नोकरीला होतो आणि इंदिरानगरात एकाच इमारतीत राहत होतो. त्यामुळे माझी दोन्हीकडून सुटका नव्हती. मी खरेदी विभागात होते आणि ते मापं तपासायच्या खोलीत. कारखान्यातलं प्रत्येक मोजायचं साधन ठरावीक काळाने त्यांच्याकडे जायचं. ते तपासायचे आणि त्यावर एक हिरवं स्टिकर चिकटवायचे. त्यावर किती फरक निघाला, वापरण्यास योग्य आहे की नाही आणि पुढची तपासणी कधी, असे रकाने असत. हिरवं स्टिकर नसलेल्या वस्तूवर त्यांचा विश्वास बसत नसे. कॅन्टीनचा वजनकाटा, गेटवरचं घड्याळ, सगळ्यांवर त्यांचं स्टिकर. घरच्या ओट्यावरच्या छोट्या काट्यालाही ते होतं. त्यांची बायको, आमच्या वहिनी, म्हणायच्या, "मलाच तेवढं लावायचं राहिलंय. फरक फार निघेल म्हणून घाबरतात."

माझं आणि त्यांचं पहिलं भांडण एका मायक्रोमीटरवरून झालं. तो नेहमी केसभर जास्त दाखवायचा. मी नवा मागवायची तयारी केली, तर साहेब कागद परत घेऊन आले.

"टाकायचा कशाला, मॅडम? तो खोटं बोलतो, पण दरवेळी सारखंच बोलतो. फरक माहीत असला की माप वापरता येतं. स्टिकरवर फरक लिहायचा आणि कामाला लावायचा. ज्याचा फरक माहीत नाही, ते फेकायचं."

मला तेव्हा एवढंच कळलं की हा माणूस मला काही खरेदी करू देणार नाही.

अशा नेमक्या माणसाला डेथ मेटलचा, म्हणजे घशातून गुरगुरत गायच्या त्या कानठळ्या बसवणाऱ्या रॉकचा, नाद लागला कसा, हे तुम्ही विचाराल. कंपनीने त्यांना तरुणपणी स्वीडनला प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथे त्यांना शिकवायला जो पोरगा होता, त्याचे केस कमरेपर्यंत आणि हात घड्याळजीसारखा. तो दिवसा मापं तपासायचा आणि संध्याकाळी तळघरात ड्रम बडवायचा. साहेब एकदा कुतूहलाने त्या तळघरात गेले आणि बाहेर आले ते वेगळेच होऊन. परत येताना इतरांनी सेंटच्या बाटल्या आणि चॉकलेटं आणली. वहिनींनी स्वेटर सांगितला होता. बॅग उघडली तर आत कवट्या, थडगी, पंख फुटलेली भुतं आणि एक जळणारं चर्च. "मी म्हटलं, स्वेटर कुठाय? तर म्हणाले, रेकॉर्डी तुटू नयेत म्हणून त्याची जागा लागली," वहिनी हे प्रत्येक नव्या शेजारणीला सांगायच्या. 'डेथ' हा शब्द मात्र त्या घरात उच्चारत नसत. त्या म्हणायच्या, "त्यांचं ते मेटल."

साहेब एकट्याने ऐकून गप्प बसणारे नव्हते, खरी अडचण तिथे होती. ते सुचवायचे. कॅन्टीनमध्ये, बसमध्ये, जिन्यात, लग्नाच्या पंगतीत. आणि एखाद्याला काय सुचवायचं याचा त्यांचा फार खोल विचार असायचा. त्यांच्याकडे दोन कप्पे होते. वरच्या कप्प्यात अभिजात, खालच्यात उपेक्षित. अभिजात म्हणजे बहुतेक अमेरिकेतल्या फ्लोरिडाची, या संगीताच्या माहेरची. "ही पाठ्यपुस्तकं आहेत," ते म्हणत. "वाचावीच लागतात. पण पाठ्यपुस्तकावर कोणी प्रेम करतं का?" त्यांचं प्रेम होतं खालच्या कप्प्यावर. फिनलंडच्या कुठल्याशा खेड्यातली चार पोरं, एकच रेकॉर्ड काढून पुढे लाकडाच्या वखारीत कामाला लागलेली. पोलंडचा एक बँड, ज्याच्या रेकॉर्डचं ध्वनिमुद्रणच इतकं गचाळ की ड्रम शेजारच्या घरातून ऐकू यावेत. ब्राझीलची एक, जिच्यात गिटार सुरात लावलेलीच नाही. "पण बेसूरपणा शेवटपर्यंत टिकवलाय बघा," ते कौतुकाने म्हणायचे. अभिजात ते लगेच द्यायचे. उपेक्षित मात्र माणूस पारखून.

"साहेब, हा म्हणतोय काय?" मी पहिल्याच बैठकीत विचारलं होतं.

"कळत नाही ना?"

"एक शब्द नाही."

"मग राग कशाचा येतोय तुम्हाला?"

मी घाम पुसला आणि दुसरी बाजूही ऐकली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत अभिप्राय द्यावा लागे आणि तो खोटा चालत नसे. लेखा विभागातल्या भालेरावांना रक्तदाबाचा त्रास. त्यांना साहेबांनी फ्लोरिडाची एक अतिवेगवान रेकॉर्ड ऐकवली. भालेराव दुसऱ्या दिवशी भीतभीत म्हणाले, "साहेब, खरं सांगू? मला झोप लागली." आम्हाला वाटलं, आता भालेरावांचं काही खरं नाही. पण साहेब खूश. "लागणारच! इतका वेग की मन दमतं आणि बसतं." पुढची कितीतरी वर्षं भालेराव झोप हवी असली की त्यांच्याकडे यायचे.

त्यांना मनापासून दाद देणारा एकच माणूस निघाला. मालेगावकडचा एक फिटर. त्याने डोळे मिटून एक बाजू ऐकली आणि म्हणाला, "साहेब, माले तं घरनी याद उनी. आमना गल्लीमा रातदिन हाऊच आवाज शे." त्याच्या घराच्या दोन्ही बाजूंना यंत्रमाग होते. साहेबांचे डोळे पाणावले होते, हे मी स्वतः पाहिलंय. त्या दिवसापासून त्या फिटरला खालचा कप्पा कायमचा खुला झाला.

आणि इगतपुरीची सहल विसरून कसं चालेल? बसमध्ये अंताक्षरी रंगली होती. साहेबांच्या गटावर 'ड' आला आणि सगळे हात चोळत बसले. तेवढ्यात साहेब उठले, दांडीला धरून उभे राहिले आणि पोटातून असा काही आवाज काढला की घाटातल्या वळणावर ड्रायव्हरने ब्रेक दाबला. "हे 'ड'वरूनच सुरू होतं," साहेब शांतपणे म्हणाले आणि खाली बसले. कोणालाही ते खोटं ठरवता आलं नाही. गुण द्यावे लागले.

खालच्या कप्प्यातही अगदी तळाशी एक रेकॉर्ड होती. मोठी तबकडी, संपूर्ण काळं कव्हर, त्यावर एक अक्षर नाही. तो केसाळ प्रशिक्षक ज्या बँडमध्ये होता, त्याची ही एकमेव रेकॉर्ड. ती साहेब परतल्यावर टपालाने आली, त्यातलं एकही गाणं त्यांनी तळघरात ऐकलेलं नव्हतं. बँड लगेच मोडला. साहेबांच्या लेखी ही उपेक्षितांमधली उपेक्षित. तिचं वैशिष्ट्य असं की ती संथ होती. "बाकीचे सगळे पळतात, मॅडम. हे एकटेच चालतात," ते म्हणायचे. ती ते कोणालाही उठसूट ऐकवत नसत.

माझे यजमान अचानक गेले तेव्हा घर माणसांनी भरून गेलं होतं. जो तो काहीतरी चांगलं बोलत होता. ते सुटले म्हणे, देवाला प्रिय झाले म्हणे. कोणी भजनं आणून दिली, कोणी बासरी. मला त्या सगळ्याचा संताप यायचा आणि संतापायची मुभा नव्हती. दिवस उरकले, माणसं पांगली, तेव्हा एका रविवारी दुपारी साहेब दारात येऊन उभे राहिले.

"वर येता का? तुमची वहिनी आहे घरात." मग म्हणाले, "फॅन बंद करावा लागेल."

त्यांनी काळी रेकॉर्ड काढली. 'आधी ऐका' सुद्धा म्हणाले नाहीत. एखादा माणूस पाठीवर फार जड काही घेऊन चढ चढतोय आणि मध्ये थांबायचं नाही म्हणून चढतोय, तसं ते गाणं होतं. गाणारा बोलत नव्हता, कण्हत होता. कोणी मला सांगत नव्हतं की सगळं ठीक होईल. मी त्या घामट खोलीत पहिल्यांदा हमसून रडले. वहिनींनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि साहेब रेकॉर्ड संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. त्यानंतर माझे रविवार त्या रेकॉर्डने सावरले. हे मला सजवून सांगता येत नाही, ते तसंच आहे.

आम्ही दोघंही निवृत्त झालो. रविवार चालू राहिले. मग एका सुट्टीत माझी लेक पुण्याहून आली. काळ्या रेकॉर्डची कथा तिने शंभरदा ऐकली होती, म्हणून तिने इंटरनेटवर शोधाशोध केली, आणि ती सापडली! त्या बँडच्या पोरांनी, आता टक्कल पडलेल्या, ती स्वतःच तिथे टाकली होती. मी आनंदाने लेकीला घेऊन वर गेले.

"फोनवर ऐकलेलं ऐकलेलं नसतं," साहेब कुरकुरले, पण त्यांनी पंखा बंद केला. लेकीने गाणं लावलं.

ते पळत होतं. ड्रम धडधडत होते, गाणारा तावातावाने ओरडत होता. चाल तीच, पण चढ कुठेच नव्हता.

"कोणीतरी वेग वाढवून टाकलंय," साहेब म्हणाले.

"नाही काका, त्यांनीच टाकलंय," लेक वाचत म्हणाली. "खाली लिहिलंय बघा. पंचेचाळीसवर वाजवायची होती, कव्हरवर छापायचं राहून गेलं."

लहान रेकॉर्ड मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांवर आणि मोठी तेहतीसवर, हे आपल्याकडच्या प्रत्येक घरात पाढ्यासारखं पाठ. ही मोठी होती, म्हणून साहेबांनी तिला पहिल्या दिवसापासून तेहतीसवर लावलं. त्यात त्यांचा रेकॉर्ड प्लेअर दर दिवाळीला तपासलेला, हिरव्या स्टिकरचा. त्याचे तेहतीस अगदी बिनचूक तेहतीस होते. दुसरं कुठलं गाणं असतं तर आवाज जाड वाटतोय म्हणून शंका आली असती. पण या गाण्यात गाणारा जाड आवाजात गुरगुरला नाही तरच शंका यायची.

साहेब उठले. काळी रेकॉर्ड लावली, खटका पंचेचाळीसवर सरकवला, सुई ठेवली. तंतोतंत फोनसारखीच वाजली. स्वतःच्या नियमाप्रमाणे त्यांनी पूर्ण बाजू ऐकली, उभ्यानेच. मग त्यांनी जे केलं ते मी त्या घरात कधी पाहिलं नव्हतं. प्लेअर चालू असतानाच त्यांनी पंखा लावला आणि आतल्या खोलीत निघून गेले.

सुरुवातीला आम्ही हसलो, हे कबूल करायला हवं. अख्ख्या कारखान्याची मापं तपासणारा माणूस आपल्याच लाडक्या रेकॉर्डचा वेग चुकला, यापेक्षा मोठा विनोद काय? पण पुढच्या रविवारी वर बोलावणं आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. एक दिवस वहिनीच खाली आल्या.

"अहो, ते सुचवतच नाहीत आता काही. काल कुरिअरवाला आला होता, कानात वायर घालून. एरवी त्याला अर्धा तास बसवून घेतला असता. सही केली आणि दार लावलं. पंखा लावून नुसते बसतात. तीस वर्षं मी त्या आवाजाला कावले होते, आता घरात इतकी शांतता आहे की मला कसंतरीच होतं."

त्याहून वाईट म्हणजे ते फोन करत होते. ज्यांना ज्यांना काळी रेकॉर्ड ऐकवली होती त्यांना शोधून माफी मागत होते. भालेराव म्हणाले, "बरं झालं साहेब, संथ होती म्हणून तर लवकर झोप लागली." मालेगावचा फिटर म्हणाला, "साहेब, माग हळू चालना काय, जोरमा चालना काय, कापड तं निघनं ना!" साहेबांनी ते ऐकलं आणि पुढचा नंबर फिरवला. वहिनी म्हणाल्या, "त्यांना वाटतंय, वेगच कळला नाही तर मग बाकीचं तरी आपल्याला कुठे कळलं असेल."

मग मात्र मला राहवेना. मी वर गेले. साहेब पंख्याखाली पेपर धरून बसले होते, वाचत नव्हते. मी सरळ बटण बंद केलं.

"मॅडम, नको."

मी काळी रेकॉर्ड काढली, तळव्यांत धरून. पाती थांबेपर्यंत उभी राहिले. खटका तेहतीसवर सरकवला.

"ते चुकीचं आहे," साहेब जवळजवळ ओरडले. "मी लोकांना चुकीचं माप दिलंय. तुम्हाला तर अशा वेळी दिलंय..."

"आधी पूर्ण ऐका," मी म्हटलं. "मग नावं ठेवा."

त्यांनी पेपर खाली ठेवला. पाठीवर ओझं घेतलेला तो माणूस पुन्हा चढ चढू लागला. बाजू संपली तेव्हा मी म्हटलं, "माझ्या घरातला माणूस गेला होता, साहेब. तेव्हा तुम्ही मला ही पंचेचाळीसवर ऐकवली असती, तर मी दुसऱ्या मिनिटाला जिना उतरले असते आणि परत कधी आले नसते. त्या पोरांनी काय वाजवलं ते त्यांचं त्यांना माहीत. मला जे लागलं ते तुम्ही दिलंत."

"म्हणून काय बरोबर होतं का ते?"

"बरोबर नाही. फरक आहे. पण आता तो माहीत झालाय ना?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मायक्रोमीटर त्यांना आठवला की नाही, कोण जाणे. मला तो जन्मभर आठवत राहणार होता, कारण त्याच्यापायी माझी ऑर्डर रद्द झाली होती. मी म्हटलं, "फरक माहीत असला की वापरता येतं, असं मला कोणीतरी सांगितलं होतं."

साहेबांनी खिशातला चष्मा काढून पुसला. मग उठून टेबलाच्या खणात हात घातला. निवृत्त होताना या माणसाने कारखान्यातून दुसरं काही नाही, उरलेली हिरवी स्टिकरं घरी आणली होती. चष्मा लावून, बारीक सुबक अक्षरात त्यांनी एक भरलं. मूळ वेग पंचेचाळीस. वापरायचा वेग तेहतीस. वापरण्यास योग्य. अक्षर नसलेल्या त्या काळ्या कव्हरवर पहिल्यांदा काहीतरी आलं.

"पुढच्या तपासणीचा रकाना राहिला," मी म्हटलं. त्यांनी आयुष्यात तो रकाना कधी रिकामा सोडला नव्हता.

"तो तुम्ही भरा, मॅडम. मी निवृत्त माणूस." आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुमच्या लेकीला सांगा, फिनलंडची एक आहे. फोनवर ऐकायची नाही. इथे यायचं."

तेव्हा मला हायसं वाटलं. आतून वहिनी म्हणाल्या, "झालं, सुरू झालं यांचं मेटल," आणि त्यांनी मुद्दाम आम्हाला ऐकू जाईल एवढ्या जोरात कुकर आदळला.

त्यानंतर त्यांना जेमतेम दोन उन्हाळे मिळाले. त्या दोन उन्हाळ्यांत त्यांनी कुरिअरवाला, गॅसवाला आणि सोसायटीचा नवा सेक्रेटरी, कोणालाही सोडलं नाही. मागच्या थंडीत, द्राक्षांच्या दिवसांत, ते गेले. माणसं आली, चांगलं बोलली. भालेराव एका कोपऱ्यात बसून होते. मला म्हणाले, काल रात्रभर झोप नाही. मालेगावचा फिटर आला आणि वरच्या त्या बंद प्लेअरला नमस्कार करून गेला.

दिवस उरकले. रविवारी दुपारी मी वर गेले. वहिनी एकट्याच बसल्या होत्या. कोणीतरी आणून दिलेली भजनं टेबलावर तशीच पडली होती.

"ऐकायचं?" मी विचारलं.

त्यांनी मान डोलावली. "ते काळं. आणि हळू आहे ते, तसंच."

आता दर रविवारी मी काळ्या कव्हरमधून रेकॉर्ड काढते. पुढच्या तपासणीचा रकाना रिकामाच आहे, आणि मी तो भरणार नाही. रेकॉर्ड तळव्यांत धरून मी उभी राहते. वहिनी पंख्याचं बटण बंद करतात आणि पाती थांबेपर्यंत आम्ही दोघी वर बघत राहतो.